अंबाजोगाईचा रणनीतीकार

आणीबाणीपूर्वीच्या काळात मराठवाड्याच्या राजकारणावर काँग्रेसची घट्ट पकड होती. अशा प्रदेशातून आलेल्या एका शिक्षकपुत्राने उजव्या विचारांच्या पक्षाला मुंबई आणि दिल्लीच्या सत्तेपर्यंत पोहोचविण्यात मोलाचा वाटा उचलला. प्रमोद महाजन हे त्याचे नाव. 30 ऑक्टोबर 1949 रोजी आजच्या तेलंगणातील महबूबनगर येथे त्यांचा जन्म झाला. मात्र त्यांची जडणघडण बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत झाली. वडिलांचे छत्र लवकर हरपले. काही काळ शिक्षकी आणि 'तरुण भारत'मध्ये उपसंपादकपद अशी वाटचाल करीत 1974 मध्ये ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला.

1980 मध्ये भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली. 1984 च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाला अवघ्या दोन जागा मिळाल्या आणि खुद्द महाजनही पराभूत झाले. केवळ विचारनिष्ठेच्या बळावर सत्ता मिळत नाही, हे त्या पराभवाने दाखवून दिले. 1986 मध्ये ते राज्यसभेवर गेले. 1988 मध्ये तत्कालीन औरंगाबाद महापालिकेच्या पहिल्याच निवडणुकीत शिवसेनेने मुसंडी मारली. मुंबई-ठाण्याबाहेरही या पक्षाला जनाधार आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, शिवसेना-भाजप युती आकाराला आली. तिचे प्रमुख शिल्पकार महाजन होते. बाळासाहेब ठाकरे यांच्याशी जुळलेला त्यांचा स्नेह हा युतीचा भक्कम दुवा ठरला.

1985 मध्ये विधानसभेत 16 आमदार असलेला भाजप 1990 मध्ये 42 वर, तर 1995 मध्ये 65 वर पोहोचला. राज्यात युतीचे सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, तर महाजनांचे सहकारी आणि मेहुणे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. गावोगावचा जनसंपर्क मुंडेंकडे आणि दिल्लीतील डावपेच महाजनांकडे, अशी ही जोडी मराठवाड्याने जवळून पाहिली. 1990 मधील लालकृष्ण अडवाणी यांच्या सोमनाथ-अयोध्या रथयात्रेच्या आखणीतही महाजनांचा पुढाकार होता. या यात्रेने पक्षाचा विस्तार झाला, तसेच देशातील धार्मिक तणावही वाढला.

1996 मध्ये ते ईशान्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. वाजपेयींच्या 13 दिवसांच्या सरकारात ते संरक्षणमंत्री होते. 1998 मध्ये त्याच मतदारसंघात त्यांचा पराभव झाला. तरीही वाजपेयींचा विश्वास ढळला नाही. पुढे माहिती तंत्रज्ञान, संसदीय कामकाज, दूरसंचार अशी खाती त्यांनी सांभाळली. अनेक घटक पक्षांचे सरकार टिकविताना त्यांचे संसदीय कौशल्य पणाला लागले. दूरसंचार खात्यातील काही निर्णयांवर मात्र कडाडून टीका झाली. 2003 मध्ये मंत्रिपद सोडून ते पुन्हा पक्षकार्यात आले.

2004 मध्ये 'इंडिया शायनिंग'च्या झगमगाटात लढविलेली लोकसभा निवडणूक भाजपने गमावली. आधुनिक तंत्राने प्रचार करता येतो. पण ग्रामीण भागाची नाराजी झाकता येत नाही, हा त्या निकालाचा धडा होता. निवडणूक व्यवस्थापनाची धुरा वाहणाऱ्या महाजनांनी पराभवाची जबाबदारी स्वीकारली.

22 एप्रिल 2006 रोजी मुंबईतील राहत्या घरी धाकटे बंधू प्रवीण यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बारा दिवसांच्या झुंजीनंतर, 3 मे रोजी, वयाच्या 56 व्या वर्षी महाजनांची प्राणज्योत मालवली. 2007 मध्ये न्यायालयाने प्रवीण यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

इतरांना निवडून आणणारा हा नेता स्वतः लोकसभेत एकदाच पोहोचला. हक्काचा मतदारसंघ त्यांना बांधता आला नाही. मात्र विरोधी विचारांच्या माणसांशीही संवाद राखण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. त्यांनी जोडलेली युती 2014 च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी तुटली, पुन्हा जुळली आणि 2019 मध्ये पुन्हा दुभंगली. त्या प्रत्येक वळणावर महाराष्ट्राला महाजनांची उणीव जाणवली.