टपालाच्या तिकिटावरील विमान आणि जे. आर. डी. टाटा

आपल्या शाळेतील ज्या मुलांस टपालाची तिकिटे जमविण्याचा नाद आहे, त्यांच्यापैकी कोणाच्या संग्रहात १९४८ सालचे बारा आण्यांचे तिकीट असेल, तर ते त्याने लक्षपूर्वक न्याहाळावे. त्यावर चार इंजिनांचे एक विमान दिसते. हिंदुस्थान आणि विलायत यांमधील विमानसेवेच्या आरंभानिमित्त हे तिकीट निघाले. ज्या पुरुषाच्या चिकाटीचे ते फळ, त्याचे चरित्र थोडक्यात सांगतो.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा ब्लेरियो हा त्यांचा समुद्रकाठचा शेजारी होता. त्याची विमाने पाहून या बालकाच्या मनात उड्डाणाचे वेड शिरले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांस मिळाला.

पुढे आगाखान यांनी हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास पारितोषिक जाहीर केले. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून निघाला. मिसर देशातील अबुकीर येथे उभयतांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यास देऊन टाकले. प्रतिस्पर्धी मार्गस्थ झाला आणि थोडक्या अवधीने पारितोषिकही त्यानेच जिंकले. विद्यार्थी मित्रहो, या पराभवाची किंमत कोणत्या विजयाहून कमी म्हणावी?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा एका लहानशा 'पस मॉथ' विमानात टपालाची थैली घालून कराचीहून निघाले. अहमदाबादेस बैलगाडीतून आणलेले पेट्रोलचे डबे विमानात रिते करण्यात आले. तेथून ते आपल्या वसईच्या दक्षिणेस असलेल्या जुहूच्या मैदानावर उतरले. नेव्हिल विन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासेस नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सारा कारभार पुण्यास हलवावा लागे; परंतु टपाल थांबले नाही.

याच बीजातून १९४६ साली एअर इंडिया कंपनी उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९५३ साली ही सेवा सरकारने घेतली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपद टाटांकडेच होते. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा करून दाखविले. १९९२ साली त्यांस भारतरत्न हा बहुमान लाभला आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे ते निवर्तले. पुढच्या वर्षी टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

दाखल्यातील विश्वासू दासाप्रमाणे ज्याने टपालाची एक थैली जपून पोचविली, त्याच्या हाती पुढे अवघ्या देशाची विमानसेवा आली. बालमित्रहो, तिकिटे अवश्य जमवा. पण त्यांवरील चित्रांमागचे कष्टही जाणून घ्या.