चार इयत्ता शिकलेली कादंबरीकार

ओल्हा कोबिल्यान्स्का हिचा जन्म २७ नोव्हेंबर १८६३ रोजी ज्या गुरा हुमोरा गावी झाला ते आज रुमानियात आहे, आणि जेथे तिचे निम्म्याहून अधिक आयुष्य गेले ते चेर्निव्त्सी शहर आज युक्रेनमध्ये आहे. तिच्या जन्मकाळी ही दोन्ही ठिकाणे ऑस्ट्रियन साम्राज्यातील बुकोविना या एकाच लहानशा प्रांतात होती. कचेरीत जर्मन, बाजारात रुमानियन आणि यिद्दिश, खेड्यापाड्यांत युक्रेनियन, असा त्या प्रांताचा भाषिक व्यवहार होता. वडील युलियान हे साधे सरकारी नोकर होते. आई मारिया वेर्नर ही मूळच्या जर्मन, परंतु पोलिश वळणाच्या घराण्यातली. पतीखातर तिने त्याची भाषा आणि त्याचा धर्मपंथ दोन्ही आपलेसे केले.

घरात सात भावंडे. बदलीच्या नोकरीवर संसार चालविणाऱ्या कारकुनी कुटुंबात शिक्षणाचा खर्च कोणावर करावयाचा, हे ठरलेलेच असते. मुलगे माध्यमिक शाळेत गेले. ओल्हाच्या वाट्याला चार इयत्ता आल्या आणि त्याही जर्मन. पुढचे सारे शिक्षण तिने हाती लागेल त्या पुस्तकांतून स्वतःच मिळविले. डोंगरात वसलेल्या किम्पोलुंग या छोट्या गावात कुटुंब राहत असताना तिने घोड्यावरून रपेट करावी, पहाडात भटकावे, रात्री दिव्याशी बसून वाचावे, आणि घरच्या मंडळींनी तिच्या लग्नाची काळजी करावी, असा क्रम होता. लिहायला तिने विशीच्या आत सुरुवात केली, ती साहजिकच जर्मनमध्ये.

येथे तिला दोन स्त्रिया भेटल्या आणि तिच्या आयुष्याला वळण लागले. एक सोफिया ओकुनेव्स्का. किम्पोलुंगमधल्या डॉक्टरांची ही मुलगी पुढे झुरिकला जाऊन स्वतः डॉक्टर झाली. दुसरी नतालिया कोब्रिन्स्का, गॅलिशियातील स्त्री-चळवळीची अग्रणी. या दोघींनी तिला सांगितले ते थोडक्यात असे, की तू ज्या लोकांमध्ये राहतेस त्यांच्या भाषेत लिही. आज हा सल्ला सोपा वाटेल. त्या काळी जर्मन ही प्रतिष्ठेची, प्रकाशकांची आणि वाचकांची भाषा होती. तिच्या काही कथा जर्मन नियतकालिकांत छापल्याही गेल्या. उलट युक्रेनियन ही शेतकऱ्यांची बोली म्हणून हिणवली जाई. रशियन साम्राज्यात तर १८७६ च्या फर्मानाने त्या भाषेतील छपाईवर कडक निर्बंध होते. अशा वेळी चालती भाषा बाजूला ठेवून, जी लिहिताना पदोपदी अडखळावे लागते ती भाषा पत्करणे, हा व्यवहाराच्या हिशेबाने तोट्याचाच सौदा होता. ओल्हाने तो केला. तिची युक्रेनियन वाक्ये जर्मन घडणीची आहेत, हा टीकाकारांचा आक्षेप तिला पुढे अनेक वर्षे ऐकावा लागला. त्या आक्षेपात तथ्यही होते.

तिची पहिली महत्त्वाची कृती ‘ल्युदिना’, म्हणजे ‘माणूस’. मूळ जर्मनमध्ये लिहून नंतर युक्रेनियनमध्ये नव्याने घडविलेली ही दीर्घकथा १८९४ साली प्रसिद्ध झाली. स्त्री ही प्रथम माणूस आहे, असे ठामपणे म्हणणारी ओलेना ही तिची नायिका. तिचा प्रियकर मरतो, वडील व्यसनाने घर बुडवितात, आणि अखेर आईबापांना छप्पर मिळावे म्हणून ती मनाविरुद्ध एका वनाधिकाऱ्याशी लग्न करते. लेखिका तिला विजयी करीत नाही. विचारांनी मोकळी झालेली स्त्री पैशाअभावी कशी कोंडली जाते, एवढेच ती दाखविते, आणि म्हणूनच ही कथा प्रचारकी होण्यापासून वाचली. दोन वर्षांनी आलेल्या ‘त्सारिव्हना’, म्हणजे ‘राजकन्या’, या कादंबरीत मात्र मामाच्या घरी आश्रित म्हणून वाढलेली अनाथ नताल्का स्वतःच्या कष्टाने लेखिका होते आणि बरोबरीच्या नात्याने लग्न करते. ही कादंबरी लांबली आहे आणि तिच्यातील चिंतन पुष्कळदा पुस्तकी आहे. तरी तत्कालीन युक्रेनियन साहित्यात, जेथे शेतकऱ्याच्या हालअपेष्टा हाच कादंबरीचा मुख्य विषय मानला जाई, तेथे मध्यमवर्गीय सुशिक्षित तरुणीचे मन हा विषय नवा होता. त्याच १८९४ साली बुकोविनातील स्त्रियांची संघटना उभी करण्यातही तिचा वाटा होता.

कुटुंब १८८९ मध्ये दिम्का या खेड्यात शेतीवर राहावयास गेले आणि १८९१ मध्ये चेर्निव्त्सीला आले. दिम्कात काढलेल्या त्या थोड्या काळाने तिला तिची सर्वश्रेष्ठ कादंबरी दिली. १८९४ साली त्या गावात एका शेतकऱ्याच्या मुलाने जमिनीच्या लोभाने सख्ख्या भावाचा खून केला. ते कुटुंब ओल्हाच्या ओळखीचे होते. घटनेने ती हादरली, पण लगोलग लिहावयास बसली नाही. ‘झेम्ल्या’, म्हणजे ‘जमीन’, ही कादंबरी १९०२ मध्ये आली.

इव्होनिका आणि मारिया या दांपत्याने राबराबून जमीन जोडलेली. थोरला मिहाइलो सालस आणि कष्टाळू, तर धाकटा सावा कामचुकार. जमीन थोरल्याला जाणार या धास्तीने धाकटा पेटतो आणि एके दिवशी थोरला जंगलात गोळी लागून मेलेला सापडतो. या कादंबरीचे सामर्थ्य खुनात नाही, खुनानंतरच्या बापात आहे. कोणी मारले, हे इव्होनिकाला कळून चुकले आहे. ते उघड केले तर दुसराही मुलगा जाईल आणि जमिनीला वारस उरणार नाही. न केले तर मेलेल्याशी बेइमानी होईल. तो गप्प राहतो आणि त्या गप्पपणाखाली झिजत जातो. ज्या मातीने त्याला माणूस म्हणून उभे केले, तिनेच त्याचे घर खाल्ले. शेतकऱ्याला निव्वळ दीन किंवा निव्वळ भोळा समजणाऱ्या लेखकांना हे साधले नव्हते. इव्हान फ्रांको यांच्यासारख्या चोखंदळ साहित्यिकानेही या कादंबरीचे मोल मान्य केले.

कवयित्री लेस्या उक्राइन्का हिच्याशी तिची मैत्री याच काळातली. लेस्या १९०१ मध्ये चेर्निव्त्सीला येऊन तिच्याकडे राहिली, आणि दोघींचा पत्रव्यवहार हा आज युक्रेनियन साहित्याचा ठेवा मानला जातो. लेखक ओसिप माकोवेय याच्याबद्दल ओल्हाच्या मनात खोल प्रेम होते. त्याने दुसरीशी विवाह केला. ती अविवाहित राहिली आणि तिने आपल्या भावाची मुलगी सांभाळली. १९०३ मध्ये अर्धांगाचा झटका आला आणि शरीराची एक बाजू कायमची दुबळी झाली. तरीही १९०९ साली लोकगीताच्या कथानकावर आधारलेली तिची आणखी एक गाजलेली कादंबरी आली, आणि महायुद्धाच्या दिवसांत तिने सैनिकांच्या घरच्या दुःखाच्या कथा लिहिल्या.

१९१८ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्य कोसळले आणि बुकोविना रुमानियाकडे गेला. तेथे युक्रेनियन शाळा आणि पत्रे यांची गळचेपी सुरू झाली. तिची अखेरची मोठी कादंबरी, ‘अपोस्तोल चेर्नी’, १९३६ साली पोलंडच्या अमलाखालील ल्विव्हमध्ये छापली गेली. १९४० मध्ये सोव्हिएत सैन्य चेर्निव्त्सीत शिरले. नव्या सत्तेने शहात्तर वर्षांच्या आजारी लेखिकेचा गौरव केला आणि तिच्या नावाने सत्तेची स्तुती करणारे लेख प्रसिद्ध झाले. ते तिनेच लिहिले काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तिचे वय आणि प्रकृती पाहता शंका घेणाऱ्यांची बाजू अधिक सबळ वाटते. १९४१ च्या उन्हाळ्यात रुमानियन फौजा परतल्या तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या ओल्हाला शहर सोडता आले नाही. तिचे कागदपत्र जप्त झाले आणि तिच्यावर खटला भरण्याची तयारी सुरू झाली. खटला उभा राहण्यापूर्वीच, २१ मार्च १९४२ रोजी, ती निवर्तली.

१९४४ मध्ये सोव्हिएत सत्ता पुन्हा आली. तिच्या घराचे संग्रहालय झाले, आणि पुढे शहरातील नाट्यगृहाला तिचे नाव मिळाले. ‘अपोस्तोल चेर्नी’ मात्र तिच्या ग्रंथांच्या सोव्हिएत आवृत्त्यांतून वगळण्यात आली. ती कादंबरी तेथील वाचकांना पुन्हा मिळाली ती १९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र झाल्यानंतर.