कुमारप्पा, चीन आणि वर्ध्याचा कापूस

परदेशी व्यापारामागे सत्तेचे हिशेब दडलेले असतात, ही गोष्ट वर्धा जिल्ह्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. १८६२ मध्ये नागपूरपासून अलग करून हा जिल्हा निर्माण करण्यात आला, १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. परंतु अमेरिकेतील युद्ध १८६५ मध्येच संपले होते आणि त्याबरोबर तेजीही ओसरली होती. भाव चढला तो शेतकऱ्याच्या कर्तृत्वाने नव्हे आणि उतरला तोही त्याच्या चुकीने नव्हे. दूरच्या सत्तांच्या भांडणात लहान उत्पादकाचे नशीब का अडकावे, या प्रश्नाचा मुळापासून विचार करणारा एक अर्थशास्त्रज्ञ पुढे याच वर्ध्यात येऊन राहिला. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे त्याचे नाव. महासत्तांमधील व्यापारयुद्ध पुन्हा रंगात आले असताना त्यांच्या जीवनाचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले आणि या व्यवसायात त्यांनी चांगला जम बसविला. पोशाख, राहणी, विचार, सर्वच पाश्चात्त्य. १९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी घेऊन त्यांनी कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्या हाताखाली सार्वजनिक आयव्ययाचा अभ्यास केला. हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मुळे सरकारच्या करपद्धतीत आणि खर्चात शोधताना त्यांचा ब्रिटिश राजवटीवरील विश्वास पार ढासळला. १९२९ मध्ये साबरमतीस त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजींनी त्यांचा प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला आणि गुजरातेतील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम त्यांच्याकडे सोपविले. परदेशी कपडे उतरले आणि खादी अंगावर आली ती कायमचीच.

वेष बदलला तरी हिशेबतपासनिसाची नजर मात्र बदलली नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसनंतर ब्रिटन व हिंदुस्थान यांच्यातील देण्याघेण्याची छाननी करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिच्या कामात कुमारप्पांचा मोठा वाटा होता. साम्राज्याने आपल्या सोयीसाठी केलेल्या युद्धांचा खर्च हिंदुस्थानच्या नावे कर्ज म्हणून कसा मांडला गेला, हे या समितीने दाखवून दिले. व्यापार आणि युद्ध यांची खाती वरवर वेगळी दिसली तरी आतून एकच असतात, हा कुमारप्पांच्या विचाराचा गाभा येथेच तयार झाला.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व वास्तू संघाला दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे मगनवाडी असे नामकरण झाले. तेथे तेलाच्या घाण्या, हातकागद, मधमाशापालन, हातसडीचा तांदूळ यांचे प्रयोग सुरू झाले. त्यांतील एक साधी वस्तू विशेष बोलकी आहे. रॉकेलऐवजी खाद्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ येथे तयार करण्यात आला. रॉकेल स्वस्त असताना हा खटाटोप कशासाठी, असे विचारणारे तेव्हाही होते. रॉकेलच्या बाटलीबरोबर तेलविहिरींवरील मालकीचे तंटे आणि त्यांच्या रक्षणासाठी उभ्या केलेल्या फौजाही आपण विकत घेतो, असा कुमारप्पांचा विचार होता. त्या फौजांचा खर्च दुकानातील किमतीत दिसत नाही, म्हणून माल स्वस्त वाटतो. तो खर्च कुठे कराच्या रूपाने, तर कुठे रक्ताच्या रूपाने चुकता होतच असतो.

परदेशी व्यापारावर कुमारप्पांनी सरसकट बहिष्कार पुकारला होता, असे मानणे चूक आहे. त्यांनी त्याला मर्यादा घातल्या होत्या. प्रथम त्या त्या प्रदेशाची अन्नवस्त्राची गरज भागावी आणि उरलेले तेवढेच बाहेर जावे. कच्चा माल कच्चाच बाहेर पाठवू नये, कारण त्याच्याबरोबर तो पक्का करण्याची मजुरीही देशाबाहेर जाते. शिवाय रोजच्या जगण्याच्या वस्तूंसाठी दूरच्या पुरवठ्यावर विसंबू नये, कारण ज्याच्या हाती समुद्र त्याच्या हाती आपली चूल. एक लाख लोकवस्तीला धान्य, डाळी, तेलबिया, कापूस यांची गरज किती आणि त्यासाठी जमीन किती लागेल, याचे कोष्टकच त्यांनी संतुलित शेतीच्या योजनेत मांडले. महाविद्यालयांत शिकविला जाणारा तुलनात्मक लाभाचा सिद्धांत याच्या उलट दिशेने जातो. ज्याला जे स्वस्तात पिकविता येते ते त्याने पिकवावे, बाकीचे विकत घ्यावे, असे तो सांगतो. सिद्धांत तर्कशुद्ध आहे. परंतु समुद्र खुले राहतील आणि विकणारा पुढेही विकत राहील, हे तो गृहीत धरतो. कुमारप्पांचा आक्षेप नेमका या गृहीतावर होता.

दुसऱ्या महायुद्धाने त्या आक्षेपाला पुष्टी दिली. ब्रिटनने हिंदुस्थानातून धान्य, कापड व युद्धसाहित्य उचलले आणि त्याच्या बदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगची रक्कम हिंदुस्थानच्या खाती मांडली. त्या कागदी तारणावर येथे नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली आणि १९४३ मध्ये बंगालने भीषण दुष्काळ पाहिला. युद्धअखेर हे येणे सुमारे १३० कोटी पौंडांवर गेले होते. ज्याच्याकडून येणे आहे तोच जेथे राज्यकर्ता असतो, तेथे निर्यातीचा आधिक्यदर्शक आकडा समृद्धीचे लक्षण मानता येत नाही, हे कुमारप्पांनी निर्भीडपणे मांडले. युद्धकाळात त्यांना जबलपूरच्या तुरुंगात दिवस काढावे लागले. चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रमुख ग्रंथ त्या कोठडीतच लिहिला गेला.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या जमीनसुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९४९ मध्ये आला आणि कसणाऱ्याच्या हाती जमीन देण्याच्या त्यातील शिफारशी बव्हंशी कागदावरच राहिल्या. अशा मनःस्थितीत १९५१ च्या शरद ऋतूत, पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालील सदिच्छा मंडळातून ते चीनला गेले.

तो काळ कसोटीचा होता. कोरियात युद्ध चालू होते. डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला होता आणि मे १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने युद्धोपयोगी मालाच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. त्याच वर्षी टंचाईने ग्रासलेल्या भारताला अमेरिकेकडून गहू कर्जाऊ मिळाला, तो तेथील प्रतिनिधीगृहांत भारताच्या परराष्ट्रधोरणाची यथेच्छ उलटतपासणी झाल्यानंतर. चीनची दृष्टी आणखी कडवट होती. अफूच्या युद्धानंतर बंदरे सक्तीने उघडली गेली आणि जकातीचा कारभार परकीयांच्या हाती गेला, ही आठवण तेथे जिवंत होती. परदेशी व्यापार म्हणजे सार्वभौमत्वाचा प्रश्न, अशीच नव्या राज्यकर्त्यांची धारणा असल्याने तो व्यापार राज्यसंस्थेने आपल्या मुठीत घेतला. नाकेबंदीतून वाट काढताना १९५२ मध्ये चीनने सिलोनशी पाच वर्षांचा करार केला. सिलोनने रबर द्यावे, चीनने तांदूळ द्यावा. सिलोन साम्यवादी नव्हता. त्याला भाताची गरज होती आणि त्यासाठी त्याने अमेरिकेची नाराजी पत्करली.

कसणाऱ्यांना मिळालेली जमीन, अधिकाऱ्यांची साधी राहणी आणि सार्वजनिक कामांत लागलेले लक्षावधी हात पाहून कुमारप्पा प्रभावित झाले. १९५२ मध्ये वर्ध्याहून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी मोकळेपणाने चीनची प्रशंसा केली. हिंसेचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. पण भारतातील राज्यकर्त्यांची चैन आणि गावांची उपेक्षा पाहून ते व्यथित झाले होते. गांधींचा अनुयायी साम्यवाद्यांचे गोडवे गातो, अशी टीका त्यांच्यावर झाली. तिची त्यांनी पर्वा केली नाही.

परंतु पाहुण्याला जे दाखविले जाते तेच दिसते, ही मर्यादा येथे मान्य केली पाहिजे. चीनने एका महासत्तेची दारे बंद झाल्यावर दुसरीच्या अंगणात पथारी पसरली होती. १९५० मध्ये रशियाने ३० कोटी डॉलरचे कर्ज दिले होते आणि ते खनिजे व शेतमाल पाठवून फेडायचे होते. अवजड उद्योगांच्या हव्यासापायी खेड्यांतून धान्य ओढले गेले. १९५९ मध्ये खेड्यापाड्यांत माणसे उपासमारीने मरत असताना चीनने ४० लाख टनांहून अधिक धान्य परदेशी पाठविले. आधी पोट, मग निर्यात, हा कुमारप्पांचा नियम; त्या नियमाने पाहता, ज्या राज्याची त्यांनी वाखाणणी केली तेच राज्य मोठे अपराधी ठरते. व्यक्तीचा अंदाज चुकला, पण तिने घालून दिलेला मापदंड चुकला नाही.

हे सत्य कुमारप्पांच्या हयातीत उजेडात आले नाही. वर्ध्याजवळ सेलडोह येथे पन्नई आश्रम काढून त्यांनी काही काळ शेतीचे प्रयोग केले. पुढे प्रकृती ढासळल्यावर ते मदुराईकडील कल्लुपट्टीस गेले आणि ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहाच महिन्यांत रशियाने चीनमधील आपले तंत्रज्ञ परत बोलाविले आणि १९६१ मध्ये चीनला कॅनडा व ऑस्ट्रेलियाकडून गहू विकत घ्यावा लागला. १९७८ नंतर चीनने दारे उघडली, २००१ मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जगाचा कारखाना बनला. २०२० पासून मात्र देशी बाजारपेठेचा आधार वाढविण्याची भाषा तेथे पुन्हा सुरू झाली. २०२५ मध्ये अमेरिकेच्या जकातींना उत्तर म्हणून दुर्मिळ मृद्धातूंच्या निर्यातीवर चीनने निर्बंध आणले. ज्या हत्याराने १९५१ मध्ये त्याला कोंडले गेले, तेच आता त्याच्या हाती आहे.

या झुंजीचा धक्का वर्ध्यापर्यंत पोचतो. रशियन तेलाच्या खरेदीचे कारण पुढे करून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली. कापडधंद्याला दिलासा देण्यासाठी त्याच महिन्यात भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठविले आणि ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत चालविली. नेमका तोच काळ विदर्भातील कापूस बाजारात येण्याचा. तेल कुणाचे, जकात कुणाची, आणि भाव पडण्याची धास्ती मात्र हिंगणघाट-देवळीच्या शेतकऱ्याला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून ज्या सहा जिल्ह्यांना मदतयोजना दिली, त्यांत वर्धा होता, हे विसरून चालणार नाही.

कुमारप्पांची सगळी उत्तरे आज जशीच्या तशी उपयोगी पडतील, असे नाही. कापूस खाऊन कुणी जगत नाही आणि मगनदीपावर कारखाने चालत नाहीत. तथापि जिल्ह्यात पिकलेल्या कापसाची सरकी, सूत व कापड यांतील किती मजुरी जिल्ह्यातच राहते, आणि ज्याने पिकविले त्याच्या घरी वर्षाचे धान्य आहे की नाही, हे प्रश्न व्यापारकरारावर सही करण्यापूर्वी विचारता येतात. मगनवाडीच्या हिशेबतपासनिसाने जमाखर्चाच्या वहीत हीच दोन खाती पहिल्या पानावर लिहिली होती. देशाच्या वहीत ती अजूनही शेवटच्या पानावर आहेत.