दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद

मुंबईच्या शेअर बाजाराचे आद्य प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या शेठ प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेच्या जैन कुटुंबात झाला. बालपणीच ते मुंबईस आले. इंग्रजी लिहिता-बोलता येणारे पहिले देशी दलाल अशी त्यांची ख्याती होती. सौद्यांची टिपणे ते कागदावर न ठेवता स्मरणातच ठेवीत, असे सांगतात.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका, नव्या कंपन्या रोज निघू लागल्या. बॅक बे येथे समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंदशेठ घेतात ते घ्यावे, विकतात ते विकावे, एवढा त्यांच्या अंतःप्रेरणेवर लोकांचा भरवसा होता. वस्तुतः त्या प्रेरणेमागे लिव्हरपूलच्या कापूसभावाचा अखंड अभ्यास होता. (शेअर बाजारात उतरलेल्या आपल्या तरुणांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.)

मग १८६५ मध्ये युद्ध संपताच कापूस कोसळला, तेव्हा ते वेळीच बाहेर का पडले नाहीत? आमच्या अल्पमतीस असे वाटते की, कंपन्यांचे प्रवर्तक तेच आणि बाजाराचा आधारही तेच. त्यांनी विक्रीस काढले असते, तर त्याच क्षणी भाव पडला असता. दुसऱ्याच्या मालाविषयी मन जितके निर्मळपणे कौल देते, तितके स्वतःच्या मालाविषयी देत नाही. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस उजाडला आणि असंख्य घराणी धुळीस मिळाली. शेठजींचेही दिवाळे निघाले. बँक ऑफ बॉम्बे बुडाली, त्या चौकशीत त्यांच्यावरही ठपका आला. गौरवलेखात ही गोष्ट झाकणे उचित नव्हे.

पुढे त्यांनी नव्याने दलाली आरंभिली. १८७५ साली दलालांची संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते.

मात्र १८६४ साली, भरभराटीच्या काळात, मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोऱ्यासाठी दिलेले चार लाख रुपये या पडझडीतून सुरक्षित राहिले. मातोश्री राजाबाईंच्या नावाचा तो मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. दृष्टी गेलेल्या मातोश्रींना सूर्यास्तापूर्वी भोजन करता यावे, म्हणून घड्याळाचे टोले योजिले, अशी आख्यायिका आहे. शेठजी १९०६ साली निवर्तले.