हाफकिन नावाचा माणूस

पावसाळ्यात मिठबाव, देवगडच्या कातळावर फुरसे चावले की आरोग्य केंद्रात जी लस शोधली जाते, तिच्यामुळे ‘हाफकिन’ हे नाव कोकणात जुने आणि ओळखीचे आहे. पोलिओच्या थेंबांमुळेही ते कानावर असते. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा बातम्यांत आले. कोव्हॅक्सिन ही करोनाची लस मुंबईच्या हाफकिन महामंडळात तयार करायला केंद्र सरकारने परवानगी दिली तेव्हाची ही गोष्ट. त्यातून अनेकांचा समज असा की हाफकिन ही एक संस्था, एक कंपनी. प्रत्यक्षात हाफकिन हा एक हाडामांसाचा माणूस होता. लस स्वतःच्या अंगात टोचून घेऊन मगच ती दुसऱ्याला टोचणारा, या देशात लाखोंचे प्राण वाचवणारा आणि इथेच एका बाटलीच्या आरोपाखाली नोकरी गमावणारा. करोनाच्या काळात लशीबद्दल जे प्रश्न घरोघर विचारले गेले, ते जवळजवळ सगळे या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी विचारले गेले होते.

वाल्देमार मोर्दकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतू गिळून टाकतात हे दाखवणारे इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. त्या काळी रशियात ज्यूंवर वारंवार हल्ले होत. तरुण हाफकिन आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि तुरुंगात गेले. मेचनिकोव्ह यांच्या खटपटीने ते सुटले. पुढे प्राध्यापकी मिळण्याची वेळ आली तेव्हा धर्म बदलण्याची अट पुढे आली. ती त्यांनी मानली नाही. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना पहिली जागा मिळाली ती ग्रंथपालाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या वेळी युरोपला पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, धास्तावून सोडले होते. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला होता, पण त्यावर भरवशाची लस नव्हती. हाफकिन यांनी गिनीपिगवर प्रयोग करून दोन टोचण्यांची पद्धत बसवली. पहिली टोचणी सौम्य केलेल्या जंतूंची, दुसरी मुद्दाम तीव्र केलेल्या जंतूंची. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली टोचणी स्वतःला घेतली. ताप आला, सुई टोचलेली जागा दुखली, पण ते ठणठणीत राहिले. मग मित्रांना टोचले. मात्र पॅरिसच्या प्रयोगशाळेत निरोगी माणसाला टोचून लस निर्धोक आहे एवढेच कळते. ती रोग अडवते का, हे रोग जिथे आहे तिथेच कळणार. तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिशांचे राजदूत असलेले लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हाफकिन यांना भारताची वाट दाखवली.

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले. रशियन पारपत्र, ज्यू धर्म, हातात वैद्यकीची पदवी नाही, फक्त प्राणिशास्त्राची. इंग्रज डॉक्टरांना ते परके वाटले आणि लोकांना सुई परकी वाटली. तरी आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत ते हिंडले. कोलकात्याच्या झोपडवस्त्यांत त्यांच्यासोबत बंगाली डॉक्टर असत. गर्दी बिथरली की हाफकिन सगळ्यांसमोर स्वतःला टोचून घेत. १८९४ च्या मार्चमध्ये कट्टल बागान वस्तीत एका तळ्याभोवती पटकी सुरू झाली. तिथल्या सुमारे २०० माणसांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली आणि त्यांतले सात दगावले. हे सगळे न टोचलेल्यांपैकी होते.

या आकड्यांमागचा विचार महत्त्वाचा आहे. एकच वस्ती, एकच पाणी, एकच हवा. फरक फक्त लस घेतल्याचा आणि न घेतल्याचा. आजच्या लसचाचण्यांचा पाया हाच आहे. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २५,८०० लोकांचे दोन गट केले. एका गटाला खरी लस, दुसऱ्याला लशीसारखे दिसणारे पण लस नसलेले द्रव्य. कोणाला काय मिळाले हे टोचणाऱ्याला माहीत नाही आणि टोचून घेणाऱ्यालाही नाही. दोन्ही गटांत किती जण आजारी पडले ते मोजले आणि लशीची परिणामकारकता ७७.८ टक्के निघाली. हाफकिन यांच्याकडे इतकी शिस्तशीर यंत्रणा नव्हती, पण तुलना केल्याशिवाय दावा करायचा नाही, हा दंडक त्यांनी घालून घेतला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. आकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असे निदान केले. शहर हादरले. काही महिन्यांत मुंबईतील निम्मी वस्ती पळाली असावी असा तेव्हाचा अंदाज आहे. त्यात गिरण्यांत आणि गोदीत काम करणारे कोकणातले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता आणि गिरणगावाला सर्वाधिक हात पुरवणारा जिल्हा हाच. रोग माणसांच्या वाटेनेच फिरतो. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्यांना गावोगावच्या शाळांत चौदा दिवस वेगळे ठेवले गेले, त्या भीतीची मुळे त्या साथीपर्यंत पोचतात. करोनात वापरला गेलेला साथरोग कायदाही त्याच साथीतला, १८९७ सालचा.

सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबरमध्ये मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली. मटणाचा रस्सा जंतूंना अन्न म्हणून वापरला. तो बकऱ्याच्या मांसाचा केला, म्हणजे हिंदू आणि मुसलमान दोघांनाही हरकत नको. रश्श्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीसारखे. भांडे हलवले की ती वाढ तुटून खाली बसे आणि वर नवी सुरू होई. काही आठवड्यांनी ते सगळे उष्णतेने मारायचे, वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे की लस तयार. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख पटवून देतो. कोव्हॅक्सिन याच घराण्यातली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला करोना विषाणू वाढवून, रसायनाने निष्प्राण करून ती बनते. जंतूच्या जागी विषाणू आला आणि उष्णतेच्या जागी रसायन, तत्त्व तेच राहिले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली आणि तीही पुढे लोकांना दिली त्यापेक्षा मोठ्या मात्रेत. जोराचा ताप आला आणि उतरला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली, पावणेदोनशेच्या आसपास कैद्यांनी घेतली नाही. न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. घेतलेल्यांत दोघांना झाला, मृत्यू एकही नाही. कैद्याची संमती खरोखर मोकळी असते का, हा प्रश्न आजची नीतिसमिती नक्की विचारेल आणि तो रास्तच आहे. त्या काळी मात्र तो फारसा कुणी विचारत नसे. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात त्यांनी अधिक काटेकोर तुलना केली. एकेका घरातल्या निम्म्या माणसांना टोचले, निम्म्यांना नाही. ज्या घरांत प्लेग शिरला, तिथल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी तिघे दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६.

हे चालू असताना पुण्यात वेगळेच घडत होते. गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेत होते, माणसे उचलून नेत होते. त्याच साथीत मार्च १८९७ मध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या आणि जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. सरकारी जुलमाचा राग लशीवरही निघणे स्वाभाविक होते. सुईने वांझपण येते, धर्म बुडतो, अशा अफवा होत्या. हाफकिन यांनी सक्तीचा मार्ग धरला नाही. त्यांच्या मदतीला आले तिसरे आगाखान. त्यांनी स्वतः सर्वांसमोर टोचून घेतले, आपल्या खोजा समाजाला पुढे आणले आणि प्रयोगशाळेसाठी माझगावची वास्तूही दिली. ज्याच्यावर विश्वास आहे त्याने आधी दंड पुढे केला की मागची रांग आपोआप लागते, हे तेव्हाही खरे होते.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १८८२ मध्ये याच वाड्यात गव्हर्नरच्या पत्नी लेडी फर्ग्युसन पटकीने वारल्या होत्या. जिथे पटकीने बळी घेतला, तिथे पटकीची लस काढणारा माणूस आता संचालक होता. लस हजारो बाटल्यांनी देशभर जाऊ लागली. मागणी इतकी वाढली की हाफकिन यांनी पद्धतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले आणि केवळ उष्णतेवर भर दिला.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस आला. पंजाबातील मुल्कोवाल गावात पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. आठवड्याभराने त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणिसांनाही एकाच बाटलीतून टोचले होते. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. चौकशी आयोग बसला. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेतच शिरला असावा आणि कार्बोलिक आम्ल वगळल्याने तो टिकला असावा, असा त्याने निष्कर्ष काढला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर केले गेले. १९०४ मध्ये ते भारत सोडून लंडनला गेले.

हाफकिन स्वस्थ बसले नाहीत. चौकशीतली कागदपत्रे बाहेर आली तेव्हा तज्ज्ञांना दिसले की मुल्कोवालमध्ये बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बाटलीच्या बुचाला लावला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय ते मुंबईहून निघतानाच बाटलीत असते, तर इतक्या दिवसांत आतल्या द्रवाला दुर्गंधी सुटली असती. तशी ती आल्याची नोंद नव्हती. मलेरियाचा डासाशी संबंध दाखवणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. जुलै १९०७ मध्ये नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरचा आरोप निराधार असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या शेवटी हाफकिन भारतात परतले. पण मुंबईची जागा भरली गेली होती. त्यांना कोलकात्याच्या प्रयोगशाळेत नेमले गेले आणि लशीच्या नव्या चाचण्या घेण्याची मोकळीक मिळाली नाही. निर्दोष ठरूनही हातून काम काढून घेतले गेले होते. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांनी लग्न केले नाही. उतारवयात ते धर्माकडे वळले आणि आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवून गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. १८९७ पासून तोवर मुंबईहून त्यांच्या प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. लस सर्वांना शंभर टक्के वाचवत नव्हती आणि हाफकिन यांनी तसा दावाही केला नव्हता. टोचूनही काहींना प्लेग होई, पण मरणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली येई. करोनाची लस घेऊनही करोना झाला म्हणून ती फुकट, असे म्हणणाऱ्यांना भायखळ्याचे ते दोन कैदी आठवावेत. त्यांना प्लेग झाला होता, पण ते जगले.

मुल्कोवालचा धडा याहून वेगळा. लस टोचल्यानंतर कुणाला अपाय झाला, तर तो झाकून ठेवणे जितके घातक तितकेच पुरावा न तपासता दोषी ठरवणेही घातक. एकाच बाटलीतून टोचलेलेच दगावले, हे कळले ते कोणाला कुठल्या बाटलीतून टोचले याची नोंद होती म्हणून. ही नोंद नसती तर पाचही बाटल्या, प्रयोगशाळा आणि लसही कायमची संशयात राहिली असती. म्हणून आजही लशीच्या प्रत्येक कुपीवर गटक्रमांक असतो आणि टोचल्यानंतर झालेल्या त्रासाची नोंद आरोग्य केंद्रात करायची असते. करोनाच्या लशीचे प्रमाणपत्र अजून कपाटात असेल, तर त्यावरही हा क्रमांक सापडेल. मुलाबाळांना लस दिल्यावर मिळणारे कार्ड जपून ठेवावे, त्रास झाला तर आशाताईंना किंवा परिचारिकेला लगेच कळवावे. त्या कळवण्यातून लस अधिक सुरक्षित होते आणि ती टोचणाऱ्यावर विनाकारण बोटही उठत नाही.