मल्लवीर खाशाबा जाधव

चैत्र-वैशाखात महाराष्ट्रातील गावोगावी यात्रा भरतात. घोडनदीच्या काठचे शिरूर घ्या, भीमेच्या काठचे दौंड घ्या, किंवा कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराड घ्या. त्या परिसरातील यात्रांत कुस्त्यांचा फड हा ठरलेलाच असतो. हलगी कडाडू लागली की लोक आखाड्याभोवती गर्दी करतात. आरंभी लहान मुलांच्या कुस्त्या नारळावर आणि रेवड्यांवर लागतात, आणि दिवस कलताना मानाची कुस्ती होते. अशाच तांबड्या मातीत खेळून मोठा झालेला एक मल्ल पुढे समुद्रापार गेला आणि स्वतंत्र भारताला ऑलिंपिक क्रीडासामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देता झाला. त्या मल्लाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. घर शेतकऱ्याचे, परंतु त्या घरात कुस्तीची परंपरा होती. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. त्यांनी आपल्या मुलांना लहानपणापासून तालमीची गोडी लावली. पहाटे उठावे, जोर-बैठका काढाव्यात, आखाड्याची माती उकरावी आणि मग लढतीला उभे राहावे, हा खाशाबांचा नित्यक्रम होऊन गेला. पुढे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारख्या वस्तादांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

त्यांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. ते दिवस स्वातंत्र्यलढ्याचे होते. 1942 च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटून उठला होता. विद्यार्थिदशेतील खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, पत्रके पोहोचविणे अशी कामे जिवावर उदार होऊन केली. 1947 साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा जगाच्या क्रीडांगणावर आपल्या देशाचा तिरंगा फडकावयाचा, अशी महत्त्वाकांक्षा त्यांनी मनाशी धरली.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येचे माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे तालमी उभारल्या होत्या आणि मल्लांना उदार आश्रय दिला होता. अशा नगरीत धिप्पाड पैलवानांची वाण नव्हती. खाशाबांची शरीरयष्टी मात्र ठेंगणी आणि बांधेसूद होती. प्रथम पाहणाऱ्याला हा मुलगा कुस्तीत काय करणार, असे वाटे. पण एकदा आखाड्यात उतरले की त्यांची चपळाई पाहून लोक थक्क होत. प्रतिस्पर्ध्याची मान पकडून त्याला क्षणात जमिनीवर आदळणारा ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता.

1948 साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला आणि खाशाबा लंडनला गेले. तेथे त्यांच्यापुढे एक निराळीच अडचण उभी राहिली. त्यांचे सारे आयुष्य मातीत खेळण्यात गेले होते. येथे मात्र कुस्ती गादीवर होती. मऊ मातीत पाय रुततो, त्यामुळे मल्लाला भक्कम आधार मिळतो. गादीवर तो आधार नाही; तेथे पावले झपाट्याने टाकावी लागतात. आपल्याकडील मातीतील निकाली कुस्ती एकजण चीत होईपर्यंत चालते. तेथे ठरावीक वेळ संपली म्हणजे कोणी चीत झालेले नसले तरी पंच आपला निर्णय देतात. हे सारे नियम खाशाबांना नवीन होते. रीस गार्डनर या अमेरिकन शिक्षकाने त्यांना थोड्या अवधीत जमेल तेवढे शिकविले. एवढ्या अपुऱ्या तयारीनिशी उतरूनही खाशाबांनी आपल्या वजनगटात सहावा क्रमांक पटकाविला. ही कामगिरी लहान नव्हती. परंतु ते स्वतः समाधानी नव्हते. पुढची चार वर्षे त्यांनी अधिक जड गटासाठी कसून मेहनत केली.

1952 चे सामने फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथे व्हावयाचे होते. या खेपेस अडथळे घरातूनच सुरू झाले. निवडीच्या स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला, असे खाशाबांना वाटले. ते रुसून घरी बसले नाहीत. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष पतियाळाचे महाराज यांच्याकडे त्यांनी दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली. खाशाबांनी प्रतिस्पर्धी निरंजन दास याला हरविले आणि आपली निवड निर्विवाद सिद्ध केली.

निवड झाली, पण पैसा कोठून आणावयाचा? सरकारी मदत पुरेशी नव्हती. हेलसिंकी हजारो मैल दूर, आणि जाधवांचे घर तर बेताच्या परिस्थितीतले. तेव्हा गोळेश्वरचे ग्रामस्थ, कराडचे व्यापारी आणि इतर हितचिंतक पुढे सरसावले. कोणी रुपया दिला, कोणी पाच दिले. तरीही रक्कम पुरी पडेना. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी जे केले, ते क्वचितच कोणी करील. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि 7,000 रुपये उभे करून आपल्या शिष्याच्या हाती ठेवले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. खाशाबा विमानात बसले, ते असे अनेकांचे ऋण शिरावर घेऊन.

हेलसिंकीत ते 57 किलो वजनगटात फ्रीस्टाइल कुस्ती खेळले. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मित्झ या तिघांना त्यांनी एकामागून एक पराभूत केले. पुढे त्यांची गाठ जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव या दोन बलाढ्य मल्लांशी पडली. इशीबरोबरची झुंज दीर्घकाळ चालली आणि खाशाबा थोडक्यात हरले. दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे जी विश्रांती मिळावयास हवी होती, ती त्यांना मिळाली नाही. त्यांची बाजू मांडण्यास कोणी भारतीय अधिकारीही त्या वेळी जवळ नव्हता, असे सांगतात. थकलेल्या खाशाबांना ममदबेयोवनेही हार दिली. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य अशी पदके मिळाली. तो दिवस होता 23 जुलै 1952. त्याच हेलसिंकीत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. पण तो संघाचा विजय होता. एकट्याच्या बळावर पदक जिंकणारे स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू खाशाबाच होत. असे दुसरे पदक देशाला मिळण्यास पुढे 44 वर्षे लागली. 1996 साली लिअँडर पेस यांनी ते टेनिसमध्ये मिळविले.

खाशाबा परत आले, तेव्हा कराड स्थानकावर ढोल-ताशांचा गजर झाला. 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी जी वाट पाव तासात संपावयाची, तिला त्या दिवशी सात तास लागले. गोळेश्वरच्या लोकांना त्या पदकात आपलाही रुपया दिसत होता, मग त्यांच्या आनंदाला पारावार कसा असणार?

मिरवणूक संपली, हारतुरे सुकले. पण खाशाबांना गुरूंचे गहाण पडलेले घर विसरता आले नाही. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरविला आणि स्वतः आखाड्यात उतरून अनेक कुस्त्या जिंकल्या. जे उत्पन्न झाले, ते त्यांनी स्वतःसाठी ठेवले नाही. ती रक्कम प्राचार्य खर्डेकरांच्या स्वाधीन करून त्यांचे घर त्यांनी सोडविले. हेलसिंकीचा विजय हा त्यांच्या बाहुबळाचा होता. कोल्हापूरचा हा विजय त्यांच्या अंतःकरणाचा होता.

1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. तेथेही त्यांनी कुस्तीच्या स्पर्धा जिंकल्या आणि तरुण पोलिसांना खेळाचे शिक्षण दिले. सहायक पोलीस आयुक्त या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. परंतु ज्या मल्लाने देशाचे नाव जगात गाजविले, त्याची बूज देशाने वेळेवर राखली नाही. बढतीसाठी त्यांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली, आणि निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

मान मिळाला, तो बहुतांशी मागाहून. मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला. 2010 साली राष्ट्रकुल सामन्यांच्या निमित्ताने दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले गेले. महाराष्ट्र शासनाने 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून घोषित केला. 2024 साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्याचा योग 72 वर्षांनी पुन्हा आला. आणि त्या दिवशी सर्वांच्या मुखी पुन्हा खाशाबांचे नाव आले.

बळ अनेकांना लाभते आणि कीर्तीही काहींना लाभते. परंतु कीर्तीच्या शिखरावर असताना आपल्याला तेथवर पोहोचविणाऱ्यांचे ऋण आठवणे, आणि ते स्वकष्टाने फेडणे, हे थोड्यांनाच साधते. खाशाबा जाधव हे त्या थोड्यांपैकी एक होत.