पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका व स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबात त्यांना लहानपणीच संस्कृतचे शिक्षण मिळाले. आईवडिलांच्या निधनानंतर त्या भावासह कलकत्त्यास गेल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पती बिपिनबिहारी मेधावी यांचे १८८२ मध्ये निधन झाल्यावर त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

वॉन्टेज येथील वास्तव्य

वैद्यक शिकण्यासाठी १८८३ मध्ये त्या दोन वर्षांची कन्या मनोरमा व सहकारी आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चाची तजवीज ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून झाली. वॉन्टेज या लहान गावातील एका अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांची व्यवस्था केली. भारतात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे व त्याबदल्यात इंग्रजी शिकावे, असे ठरले होते. त्यामुळे त्या तेथे केवळ आश्रित नव्हत्या. पण थोड्याच दिवसांत आनंदीबाईंनी आत्महत्या केली आणि परक्या गावात मायलेकी दोघीच उरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. कानांनी कमी ऐकू येत असल्याने वैद्यकाचा विचार मात्र सोडावा लागला.

दीक्षेमुळे सारे सुरळीत झाले असे नाही. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेले गोड पदार्थही त्या वर्ज्य मानत. धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन यांना हा जातीचा अभिमान वाटे, तर रमाबाईंच्या दृष्टीने तो त्यांच्या स्वातंत्र्याचा भाग होता. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतमध्ये असावीत असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार व मनोरमेचे धर्मशिक्षण यांवरूनही वाद झाले. दोघींचा पत्रव्यवहार उपलब्ध असून रमाबाईंच्या स्वभावाचे इतके स्पष्ट दर्शन अन्यत्र क्वचितच घडते. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवत असताना तेथील प्राचार्या डोरोथिआ बील यांच्याशी त्यांना मोकळेपणाने चर्चा करता आली.

१८८६ च्या प्रारंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. नंतर केडगाव येथे त्यांनी मुक्ती सदन उभारले. जेराल्डाइन यांच्याशी मतभेद मिटले नाहीत, तरी पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला.